फ्लास्क क्रमांक सात

रेणापूरला मामीच्या गुरांच्या हौदातलं शेवाळ
मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून आणलं.
"घासून घासून हात गेले माझे," मामी म्हणाली,
"अन् तू हे मांडीवर घेऊन एसटीत बसायलीस?"

लातूर. कॉलेजचा तिसरा मजला.
दोन ट्यूबलाइट, मत्स्यालयाचा एक पंप,
आठवड्याभराची बुडबुड.
खायला सगळं होतं, म्हणून एकीच्या चार झाल्या,
चारांच्या सोळा,
सहाव्या दिवशी काचेपलीकडचं माझंच बोट
मला दिसेना.

मग गाळलं, धुतलं, नव्या पाण्यात सोडलं.
त्यात फॉस्फेट होतं, मॅग्नेशियम होतं,
चिमटीतही न मावणारं लोह होतं.
वहीत लिहिलं: नायट्रेट, शून्य.
शून्याखाली दोन रेघा ओढल्या,
गव्हाणे मॅडमना तसं आवडतं.

दोन दिवस काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी रंग उतरला,
नव्या परकराचा पहिल्या धुण्यात उतरतो तसा.
पेशी आपलंच हिरवेपण मोडून
त्यातला नायट्रोजन पुरवून पुरवून वापरत होती.
नवी पेशी घडवायला सामान नाही,
आणि उजेड तर येतोच आहे वरून,
ट्यूबलाइटला काय कळतंय.
आलेल्या उजेडाला नाही म्हणता येत नाही तिला.
मग त्याची ती चरबी करते.
चरबीला नायट्रोजन लागत नाही.

नवव्या रात्री नाइल रेड घालून
खोलीतला दिवा मालवून
मी भिंगाला डोळा लावला.
प्रत्येकीच्या पोटात पिवळा थेंब, पेटलेला.
मस्के मामांना बोलावून दाखवलं.
ते बराच वेळ वाकून राहिले,
मग म्हणाले, "गावातले लाइट गेल्यावर आले की
माळावरून असंच दिसतंय."

बाबा एमआयडीसीतल्या गिरणीत, करडईच्या घाण्यावर.
फोनवर मागून घाणा ऐकू येतो.
"किती निघायलंय तेल?"
दीड लिटर पाण्याचं सांगितलं.
"मोहरीबी तडतडायची नाही एवढ्यात," म्हणाले,
पण नाव विचारून घेतलं, रंगाचंही विचारलं,
वास कसा येतो तेही.

प्रदर्शनाला पाहुणे आले.
माझा पिवळा फ्लास्क उजेडात धरून म्हणाले,
"पाहा मुलांनो, उपाशी राहिल्याशिवाय तेल निघत नाही!"
टाळ्या पडल्या.
मागच्या बाकावर डबा न आणलेल्या दोघीतिघी होत्या,
त्यांनीही वाजवल्या.

तक्ता माझ्या हातात होता.
खाऊनपिऊन वाढलेल्या: लिटरमागे दोन ग्रॅम,
त्यात तेल वीस टक्के.
उपाशी ठेवलेल्या: सहाशे मिलिग्रॅम,
त्यात पंचेचाळीस.
गुणाकार पाचवीतला आहे.
टक्का वाढला. तेल घटलं.
आधी पोटभर घालायचं, मग तोडायचं,
आणि कधी तोडायचं तेवढं नेमकं कळलं पाहिजे,
सगळा प्रबंध त्या एका दिवसाबद्दल आहे.
पाहुण्यांना चहा दिला. बोलले नाही.

सातवा फ्लास्क जास्तीचा होता, कुठल्याच तक्त्यात नव्हता.
त्या संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
त्यात नायट्रेट टाकलं. मोजून नाही. बोटानं.

तिसऱ्या दिवशी कड हिरवट दिसली,
पाचव्या दिवशी पलीकडचं बोट दिसेना.
भिंगाखाली अंधार, एकही थेंब नाही,
नुसती दाटी, एकमेकींना ढकलणारी.
मोजणी अर्ध्यात सोडली.

रात्री बाबांना सांगितलं.
घाणा थांबलेला असावा, आवाज नव्हता.
"मंग तेल कुठं गेलं?"
"खाल्लं त्यांनी."
"कुणाचं?"
"त्यांचंच होतं, बाबा."

जरा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मामी विचारायली,
बरणी कधी आणून देतीस."